बेंजोच्या तारा

पेणचे नाव घेतले की गणेशमूर्ती आठवतात. हमरापूर, जोहे या आसपासच्या गावांतून घडलेल्या त्या मूर्तींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावांतून मूर्ती पाण्याकडे निघते तेव्हा तिच्यापुढे जे वाद्य वाजते, त्या बेंजोचा इतिहास आपल्या संगीतविषयक लेखनात शोधूनही फारसा सापडत नाही. नाट्यसंगीत, घराणी, फार तर लोकसंगीतातला खालूबाजा इथवर आपले समीक्षक आले. बेंजोपाशी थांबावे असे त्यांना वाटले नाही.

नावापासूनच गोंधळ आहे. आफ्रिकी गुलामांनी अमेरिकेत रुजवलेला बँजो वाटोळा आणि कातड्याने मढवलेला असतो. आपला बेंजो म्हणजे टंकयंत्रासारख्या कळा बसवलेली लांबट पेटी. तिचे मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता याने तिथल्या दोन तारांच्या जुन्या वाद्याला कळा जोडल्या आणि रेशमी तारांच्या जागी धातूच्या तारा ताणल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या सम्राटाच्या कारकिर्दीवरून वाद्याला ‘ताइशोगोतो’ हे नाव मिळाले. भारतात ते ‘बुलबुलतरंग’ झाले. मकरानच्या किनाऱ्यावर बलुची वादकांनी त्याला लांब आणि धीरगंभीर करून ‘बेंजू’ म्हटले. कळांचे कौतुक सगळेच करतात, पण मला रेशीम जाऊन धातू आला हा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. रेशमी तार दिवाणखान्यात शोभते. रस्त्यावर, ढोलाच्या शेजारी, तिचे काय चालणार?

गिटारची कथाही याच वळणाने गेली आहे. मेंढीच्या आतड्याच्या तारांवर वाजणारी गिटार मोठ्या जमावापुढे अपुरी पडू लागली. सी. एफ. मार्टिन या अमेरिकी कारखान्याने १९२२ च्या सुमारास पोलादी तारांसाठी गिटारी बांधायला घेतल्या. आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली ती १९४० नंतर, युद्धकाळातल्या टंचाईमुळे. आज दुकानात ‘ब्राँझ’ म्हणून मिळणाऱ्या गिटारच्या तारांवरचे वेढे पुष्कळदा ८० भाग तांबे आणि २० भाग जस्त अशा मिश्रणाचे, म्हणजे चक्क पितळेचे असतात. मिरजेच्या तंबोऱ्यात खर्जाला पितळी तार लावणाऱ्या कारागिराला यात नवल वाटणार नाही; तो निदान पितळेला पितळ म्हणतो.

बेंजोला मात्र पितळ चालत नाही. त्याला पिकअप बसला, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारे लोहचुंबकी साधन. लोहचुंबकाला लोखंड कळते, पितळ किंवा नायलॉन कळत नाही. रोह्याच्या एका वादकाने मला हे वेगळ्या शब्दांत सांगितले होते : “पितळी तार हाताला वाजते, भोंग्याला नाही.” गिटारच्या सहा तारांचा संच घेणे त्याला उधळपट्टी वाटे. गिटारीत प्रत्येक तारेचा स्वर निराळा म्हणून जाडी निराळी. त्याच्या बेंजोतल्या सुरावटीच्या तारा एकाच स्वरात मिळवलेल्या. संचातल्या वेढे नसलेल्या दोन बारीक तारा कामाच्या, बाकीच्या पडून राहायच्या. तो सुटी तार मागे, आणि ती चिमटीत फिरवून जाडी ओळखे.

जाडीबद्दल एक समज सर्वत्र आढळतो : जाड तार लवकर तुटत नाही. पण लांबी आणि स्वर तोच ठेवून तार जाड केली तर तिला ओढावेही तितकेच जास्त लागते. फ्रेंच विद्वान मेर्सेन याने १६३६ मध्ये मांडलेल्या नियमातून हेच निघते. ताण वाढतो, छेदही त्याच प्रमाणात वाढतो. धातूच्या दर कणावरचा भार होता तेवढाच राहतो. म्हणजे जाड तारेने आवाज भरदार होईल, कळ मात्र जड जाईल; तुटायची ती त्याच स्वरापाशी तुटेल. बारीक तार बोटांना हलकी, द्रुत लयीला सोयीची, पण सैल वाटते आणि जोराने छेडली की खरखरते. रात्रभर वाजवायचे असेल तर यातले काय निवडावे, हे पुस्तकात नाही.

भाद्रपदातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत पोलाद गंजते. जिथे गंजाचा खड्डा पडतो तिथेच तार जाते. त्या वादकाकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या तारांची वेटोळी असत, आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो सगळ्या तारा, न तुटलेल्याही, काढून नव्या चढवी. २०१६ साली या वाद्याच्या नावाचा हिंदी चित्रपट आला. तो पाहिलात का, असे विचारल्यावर त्याने पडद्यावरच्या बेंजोला कोणती तार होती, एवढेच मला विचारले. मी ते पाहिले नव्हते.