क्रेसी : एका बोटीवर जुळलेली मैत्री

१/ ऑगस्ट १९४५. इंग्लंडमधील टार्डबिग या गावी, कालव्याच्या काठाला बांधलेल्या एका जुन्या लाकडी बोटीवर दोन माणसे प्रथमच भेटली. या भेटीतून एक मोठी चळवळ जन्मली. सहाच वर्षांत मैत्री मात्र संपली.

२/ बोटीचे नाव ‘क्रेसी’. लांबी सुमारे ७० फूट, रुंदी जेमतेम ७ फूट. कधीकाळी घोडे काठावरून चालत ही मालवाहू बोट ओढत असत. १९३९ मध्ये अभियंता टॉम रोल्ट यांनी बॅनबरी येथील टूली कुटुंबाच्या गोदीत तिची डागडुजी करून तिला राहते घर बनवले.

३/ औद्योगिक क्रांतीचा कोळसा आणि माल वाहणारे कालवे तोवर मरणपंथाला लागले होते. आधी रेल्वेने, मग ट्रकने त्यांचा व्यापार हिरावला होता. गाळ साचत होता, जलद्वारे कुजत होती. या ओसरत्या जगाचे वर्णन रोल्ट यांनी ‘नॅरो बोट’ (१९४४) या पुस्तकात केले.

४/ ते वाचून लंडनच्या रॉबर्ट एकमन यांनी रोल्टना पत्र लिहिले. एक हाताला वंगण लागलेला अभियंता, दुसरा नाटक-संगीतात रमणारा शहरी साहित्यिक. कालव्यांची ओढ मात्र दोघांना सारखीच होती. योगायोग असा, की दोघांनीही भयकथा लिहिल्या.

५/ १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. एकमन अध्यक्ष, रोल्ट सचिव.

६/ स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड येथे उचलत्या पुलाच्या जागी ठेंगणा स्थिर पूल आला होता. जलवाहतुकीचा हक्क मात्र कायद्याने शाबूत होता. पूर्वसूचना दिल्यास पूल उचलला जाईल, असे आश्वासन मिळाले होते. रोल्ट यांनी रीतसर सूचना दिली. मे १९४७ मध्ये पूल खरोखरच उचलावा लागला आणि त्याखालून क्रेसी पार झाली. एका जुन्या बोटीने कागदावरचा हक्क पाण्यावर सिद्ध केला.

७/ पुढे मतभेद वाढले. एकमन यांचा आग्रह : एकही कालवा सोडायचा नाही. रोल्ट यांचे म्हणणे : जेथे वाहतूक जगू शकते ते कालवे आधी वाचवावेत. पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर राबणारी कुटुंबे नष्ट झाली, तर उरलेले पाणी केवळ सहलीचे ठिकाण ठरेल, ही त्यांची भीती होती.

८/ १९५१ च्या प्रारंभी संघटनेने आपल्याच संस्थापकाला, रोल्टना, सदस्यत्वावरून दूर केले. त्याच वर्षी त्यांनी क्रेसीही सोडली. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालवण्याच्या कामात ते उतरले. अशा रीतीने जतन झालेली ती जगातील पहिली रेल्वे.

९/ एकमन यांचा हट्टही फळला. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग स्वयंसेवक, सैनिक आणि कैदी यांच्या श्रमांतून १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला. पण रोल्ट यांची भीतीही खोटी ठरली नाही. मालवाहू बोटींवरची ती कुटुंबे त्याच दशकांत कालव्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली.

१०/ रोल्ट १९७४ मध्ये गेले, एकमन १९८१ मध्ये. क्रेसी आज अस्तित्वात नाही. बॅनबरीची १७९० पासूनची गोदी मात्र चालू आहे. तेथे आजही जुन्या बोटी दुरुस्तीसाठी येतात. त्या चालवणारे बहुतेक हौशी आहेत.