आत कोणी आहे का?

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि सनावळ्याच आठवतात. संगणकाच्या पोटातही इतिहास असतो, हे मला सत्तरी उलटल्यावर, नातवाने जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिलं तेव्हा कळलं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं. पुढे त्यात मॉड्यूलची सोय आली. डिस्क चालवणारा ड्रायव्हर हवा तेव्हा कर्नलमध्ये आणायचा, नको तेव्हा काढायचा. मेमरी मोजूनमापून वापरायचे ते दिवस. पण डिस्कवर लिहिणं चालू असतानाच ड्रायव्हर काढला तर? त्याच्या सूचना मेमरीतून गेलेल्या आणि प्रोसेसर मात्र त्या शोधत तिथेच जाणार! यंत्र कोलमडतं, आणि अर्धवट लिहिलेली फाइल कोणाचं तरी वर्षभराचं काम असू शकते.

म्हणून प्रत्येक मॉड्यूलसाठी वापराचा आकडा ठेवला गेला. उपकरण उघडलं की एक वाढवायचा, मिटलं की एक कमी करायचा. शून्य झाल्याशिवाय मॉड्यूल काढायचं नाही.

गोम अशी की हा आकडा मॉड्यूल स्वतःच वाढवत असे. समजा, शाळेच्या ग्रंथालयात हजेरीची वही आतल्या टेबलावर आहे. शिपाई ती पाहतो, नाव एकही नाही, म्हणून कुलूप लावतो. त्याच क्षणी एक मुलगा उंबरठा ओलांडून वहीकडे निघालेला! यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर आले, तसा असा मुलगा सापडण्याचा धोका वाढला.

जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 आवृत्तीत ही वही काही ठिकाणी दाराबाहेर आली होती. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी मॉड्यूलची व्यवस्थाच नव्याने लिहिली, ती डिसेंबर 2003 च्या 2.6 मध्ये सर्वांपर्यंत पोचली. आता बोलावणाराच आधी बाहेर नोंद करतो. काढणं सुरू झालं असेल तर त्याला दारातूनच नकार मिळतो. शिवाय मॉड्यूल काढण्याची सोयच न ठेवता कर्नल बांधता येतो. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, पण माझं कोण ऐकतो!

पेनड्राइव्ह जोडलेला आणि उघडा असताना त्याचा ड्रायव्हर काढायला सांगून पाहा, ‘वापरात आहे’ असं उत्तर येतं. जबरदस्तीची वाटही काही कर्नलांत ठेवलेली असते. त्या वाटेने गेलात तर कर्नल स्वतःवर ‘आर’ अक्षराचा डाग लावून घेतो, आणि पुढच्या प्रत्येक बिघाडाच्या अहवालात तो दिसतो.