अब्बा-अम्मींचं वय वाढतंय : खानदेशातल्या घरांनी काय जपावं

वय वाढलं की तहान कमी लागते, हे आपल्या घरांत सहसा लक्षात येत नाही. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दादी-नानी 'तहानच नाही' म्हणून दिवस काढतात. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. म्हणून मागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी देत राहावं. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. केळीचंही तसंच, किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम बाधू शकतं.)

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचा. अब्बांनी फजरनंतर लांबच्या रस्त्याने घरी यावं, जळगावात असाल तर मेहरूण तलाव आहेच. अम्मी दिवसभर घरात राबतात, पण ऊन आणि चार माणसं त्यांनाही हवीत. वुजूच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो. तिथे धरायला दांडी बसवा.

कळण्याची भाकरी चांगलीच. मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड बेताने. मिश्री, तंबाखू बंदच. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जावं, पहिल्या रोज्याला नव्हे.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान कार्डावर उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन : १४५६७.