कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

लोणी काळभोरच्या शिवारात दोन वेगवेगळ्या सृष्टी शेजारी-शेजारी नांदतात. उत्तरेला मुळा-मुठेच्या काठापर्यंत उसाचे मळे आणि त्यांत वावरणारे बगळे. दक्षिणेला रामदऱ्याच्या डोंगरांकडे चढत जाणारा माळ. तिथे हिवर, बोर, तरवड, कुसळी गवत आणि त्या गवताच्या आधाराने जगणारी खोकडे नि लांडगे. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, खालचा काळा कातळही एकच. तरीही जीवसृष्टी बदलते, कारण मध्ये कालवा आहे. अशी सीमा जगात इतरत्रही आहे: निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने बाली आणि लोंबोक बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुनीपाशी आशियाची प्राणिसृष्टी थांबते आणि ऑस्ट्रेलियाकडची सुरू होते, हे दाखवले. प्राण्यांच्या भौगोलिक वाटणीवरचा त्याचा ग्रंथ १८७६ साली निघाला. वॉलेसच्या रेषेमागे लाखो वर्षांचा खोल समुद्र होता. लोणीची रेषा जेमतेम दीडशे वर्षांची आणि माणसाने आखलेली आहे. पुण्याच्या पूर्वेला कोणता जीव कुठे राहील हे आधी पावसाने ठरवले. पुढे ते पाटाच्या पाण्याने ठरवले, असे माझे म्हणणे आहे.

पावसाची वाटणी सरळ आहे. घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस पुण्यापाशी ७०० च्या आसपास येतो आणि दौंड-बारामतीकडे ५०० च्या घरात उतरतो. घाटातले जांभूळ-अंजनीचे सदाहरित रान म्हणूनच पूर्वेकडे उतरत नाही. या नैसर्गिक उताराला छेद दिला तो खडकवासल्याने. १८६० च्या दशकाअखेर कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार धरणाचे काम सुरू झाले आणि १८७९ च्या सुमारास ते पुरे झाले. उजवा कालवा हडपसर, लोणी, उरुळी करत पाटसकडे गेला. घाटावरचा पाऊस पहिल्यांदाच कोरड्या मुलखात, तेही उन्हाळ्यात, वाहू लागला. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटल्यानंतर नवा उजवा कालवा झाला; जुन्याला आज लोक ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात. पाटाचे पाणी उतारानेच जाते, त्यामुळे कालव्याच्या खालची जमीन भिजली, वरची कोरडी राहिली. जमिनीच्या उंचीतला थोडासा फरक इथे वनस्पतींची सीमा होऊन बसला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वरचा माळ ही मुळात निसर्गाची रचनाच नव्हे. तिथे दाट जंगल होते, कुऱ्हाडीने आणि शेळ्या-मेंढ्यांनी ते संपवले, उरले ते हे उजाड रान. हा आक्षेप हलका नाही. सरपणासाठी तोड झाली, चराई वाढली, माळावरची झाडे विरळ झाली, हे खरेच. पण झाडे विरळ होणे वेगळे आणि जंगलाचा माळ होणे वेगळे. कुसळीचे बी पाहावे: त्याचा पिळदार केस दमट हवेत उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा वळतो आणि टोकदार बी मातीत रुतवतो. चिंकारा फार कमी पाण्यावर जगतो आणि मोकळ्या रानात नजर व वेग यांवर जीव वाचवतो. अशा सवयी दोन-चारशे वर्षांच्या तोडीतून घडत नाहीत. तरस आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे थेट दख्खनपर्यंत सापडतो. आपला माळ त्या विशाल कोरड्या पट्ट्याचाच तुकडा आहे. साक्ष साहित्याचीही आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांत माळावरचीच काटेरी झाडे मोठ्या संख्येने भेटतात. इंग्रजांची कुऱ्हाड यायच्या कितीतरी आधी इथले लोक या मोकळ्या रानालाच आपला मुलूख मानत होते.

कालव्याच्या खाली मात्र जगभरातले जीव गोळा झाले आहेत. ऊस मुळात न्यू गिनीकडचा. त्याच्या सुधारित जाती कोइंबतूरहून आल्या. उसाने बिबट्याला आडोसा दिला. डोंगर-जंगलातले हे जनावर आज शिरूर-दौंडच्या सपाटीवर उसात पिल्ले वाढवते. मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदके उतरतात; चक्रवाकाची वीण लडाख-तिबेटकडची. कवडीपाटला वर्षभर पाणी असते ते बहुतांशी पुण्याच्या सांडपाण्यामुळे. त्यामुळे पक्ष्यांची ती गर्दी नदी निरोगी असल्याचा पुरावा मानता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिनतोड वाटतो: उपसा योजना, विंधनविहिरी आणि प्लॉटिंग आल्यावर ही रेषा उरली कुठे? शिवाय गाजरगवत कुठलीच रेषा मानत नाही. १९५५ मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. अमेरिकेबरोबरच्या पीएल-४८० करारातल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते, पण तो करार १९५६ चा, म्हणजे नोंदीनंतरचा. तरीही रेषा पुसट होणे हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट तेच सिद्ध करते: ती पाण्याने आखली, पाणी वर चढले तशी तीही वर सरकली. मला खरी काळजी वाटते ती कागदाची. सातबाऱ्यावर माळाचे रान पोटखराबा किंवा पडीक म्हणून चढते, आणि पडीक म्हटले की तिथे गिरिपुष्पासाठी खड्डे खणणे पुण्यकर्म ठरते. मेक्सिकोकडचे ते झाड सावली धरते आणि उन्हावर जगणारे कुसळी-पवन्यासारखे गवत मरते. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले, अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे. रामदऱ्याच्या अंगाचा माळ तितकाही सुरक्षित नाही. तिथे खड्डे खणण्याआधी एका पावसाळ्यात उगवणाऱ्या गवतांची यादी तरी ग्रामपंचायतीने करून घ्यावी.