पाणी शिरलेली अ‍ॅम्बेसेडर

आमच्या भागात डिझेल आधी विहिरीवर आलं आणि मग रस्त्यावर. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर कळंबसारख्या गावात चाळीस वर्षांची मोटार अजून का चालते, हे कळत नाही.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग गावी नीट चालून दाखवण्यात आलं. त्यात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबली की ती इतकी तापते, की त्यात उडवलेलं तेल आपोआप पेटतं. ही विद्या महाराष्ट्राच्या खेड्यात पोचली ती साताऱ्याच्या कूपरने आणि पुण्याच्या किर्लोस्करने. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. आमच्याकडं त्याला नुसतं ‘इंजिन’ म्हणत. ‘इंजिन लावलं का रं?’ म्हणजे पाणी सुरू केलं का. बहात्तरच्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, तशी इंजिनं वाढली, आणि ती दुरुस्त करणारी माणसंही वाढली. नोझल साफ करणं, पंपातली हवा काढणं, रिंगा बदलणं ही कामं चौथी-पाचवी शिकलेली माणसं बांधावर बसून करायची. पुढं शेतात वीज आली, मोटारी बसल्या, इंजिनं कोपऱ्यात गेली. पण हातातली विद्या राहिली. ती माणसं जीपकडं, ट्रॅक्टरकडं आणि मोटारीकडं वळली.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५७-५८ पासून तयार होऊ लागली. १९८० च्या सुमारास तिच्यात १४८९ सीसीचं डिझेल इंजिन बसलं आणि ती देशातली पहिली डिझेल मोटार ठरली. ताकद म्हणाल तर सुमारे सदतीस अश्वशक्ती. येडशीचा घाट चढताना मागचे लोक उतरून चालले तरी बरोबरीनं पोचतील, अशी चेष्टा व्हायची. पण तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं आणि गाडीच्या पोटात जे होतं ते गावातल्या मिस्त्रीला विहिरीवरून माहीत होतं. भाड्याची गाडी घेणाऱ्याला एवढं पुरे होतं.

आमच्या अण्णांनी १९८६ साली अशी एक गाडी जुनी घेतली. चार एकर कोरडवाहू, दोन म्हशी आणि वर ही पांढरी अ‍ॅम्बेसेडर. टॅक्सीचा परवाना काढला. लगीनसराईत नवरदेव, चैत्रात येरमाळ्याची येडेश्वरी, श्रावणात तुळजापूर. पण खरं भाडं दवाखान्याचं. अडलेली बाई असली की मांजरेचा पूल ओलांडून केजवरून अंबाजोगाई, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गाठीचं दुखणं निघालं की बार्शी, नर्गिस दत्त रुग्णालय. साप चावला, औषध पिलं, बैलानं मारलं, तर जे जवळ पडेल ते. पुढचं सीट सलग बाकासारखं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळं पुढं तिघं बसत. मागच्या सीटवर आजारी माणूस आडवा होई आणि त्याचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर असे.

३० सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं भांडी पडली, भिंतीला तडे गेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून भाकरी गोळा झाल्या आणि अण्णांनी त्या सास्तूरला नेल्या. चार दिवसांनी परत आले. त्या चार दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. मायनं फक्त मागच्या सीटचं कव्हर काढून धुतलं.

पुढं जीपगाड्यांचे दिवस आले. महिंद्राची कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स; एका खेपेला पंधरा माणसं. अ‍ॅम्बेसेडरला भाडं मिळेना. २००३ साली अण्णांनी परवाना सोडला, गाडी घरगुती करून घेतली आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. आठवड्यातून एकदा चालू करायची, बाजाराला न्यायची, एवढंच. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला आणि ऑक्टोबरात सरकारनं डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं. गाडीही संपली, स्वस्त डिझेलही संपलं, दोन्ही एकाच वर्षात.

आता पाण्याचं. आमचा जिल्हा पाण्यासाठी रडणारा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्यानंतर पाचच वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२१ ला, त्याच धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. वरून नदीचं पाणी आणि खालून धरणाचा फुगवटा, असं आमच्या शिवारात दोन्हीकडून आलं. शेडमध्ये पाणी स्टेअरिंगपर्यंत चढलं आणि दोन दिवस तसंच राहिलं. उतरलं तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन काळं पडून आडवं झालं होतं, आणि गाडीच्या आत सीटवर चार बोटं गाळ बसला होता.

धाकटा भाऊ म्हणाला, “भंगारात द्या. सोयाबीन गेलं, आता हिच्यावर पैसे घालायचे का?” त्याचं चूक नव्हतं. दीडच महिन्यापूर्वी, १३ ऑगस्टला, केंद्र सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण जाहीर केलं होतं. भंगारवाला दारात येऊन भाव करून गेला. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. ते काहीच बोलले नाहीत. बाजेवरून उठले, काठी टेकत शेडपर्यंत गेले आणि बॅटरीची वायर काढून आले.

बॅटरीची वायर काढणं हे पहिलं शहाणपण. पुरात बुडालेल्या डिझेल गाडीला कुणी उत्साहानं सेल मारला तर इंजिन तिथंच मरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असलं आणि पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ट्रॅक्टरचं टोचन लावून गाडी कळंबला मिस्त्रीकडं नेली. हा मिस्त्री त्याच इंजिनवाल्यांच्या पिढीतला, पोरवयात बापाबरोबर बांधोबांध हिंडलेला. त्यानं आधी चारही नोझल खोलली आणि इंजिन हातानं फिरवलं. भोकांतून गढूळ पाणी उडालं. मग म्हणाला, “अण्णा, लोखंडाचं काय नाय. इंजिन वाचंल. खरं काम आत हाय.”

आम्ही भावांनी ठरवलं, कर्ज काढायचं नाही, पिकाच्या पैशाला हात लावायचा नाही. माझ्या पगारातून महिन्याला जे निघेल तेवढंच काम. म्हणून दीड वर्ष लागलं.

लोखंडाची कामं मिस्त्रीनं म्हटल्यासारखी सरळ निघाली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांतलं तेल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालं होतं. ते काढलं, नवं घातलं, थोडं चालवून पुन्हा काढलं. डिझेलची टाकी उतरवून धुतली. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि पंपात गेलं की पंप खातं. स्टार्टर आणि डायनामो वाइंडिंगवाल्यानं भट्टीत वाळवले. चारही चाकांचे ड्रम उघडले, ब्रेकची रबरं बदलली.

खरा वैरी निघाला तो सीटखालचा नमदा. पायाखालच्या रबरी चटईखाली आवाज आणि उष्णता अडवायला जाड नमदा असतो. वरून चटई कोरडी दिसते आणि खाली तो नमदा दोन-दोन महिने पाणी धरून बसतो. पत्रा आतून सडतो. आम्ही चटई उचलली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटानं फुटला. अ‍ॅम्बेसेडरला जीपसारखी वेगळी चासी नाही, सगळा सांगाडाच भार घेतो. त्यामुळं तळाचा पत्रा म्हणजे गाडीचं हाड. पत्राकामवाल्यानं सडका भाग कापला, नवा तुकडा वेल्डिंगनं बसवला, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि खालून डांबर मारलं. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. ती गाळानं बुजली होती. सायकलच्या तारेनं एकेक मोकळं केलं आणि दारातून अर्धी बादली माती निघाली. दाराचे आतले पुठ्ठे फुगून पापडासारखे झालेले. टपाच्या आतलं कापड पाण्याच्या वर होतं, तरी ओलीनं बुरशी धरून लोंबत होतं.

वास जाईना. मायनं तिचे उपाय केले. गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून ऊन, रात्री आत पाटीभर कळीचा चुना, कारण चुना ओल ओढतो. शेवटी लिंबाच्या पाल्याची धुरी. मिस्त्री हसला, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

सीटं गादीवाल्याकडं गेली. त्यानं रेक्झिन उसवलं, कुजलेला काथ्या काढला, तेव्हा स्प्रिंगांच्या मधून गाळाबरोबर इतर वस्तू निघाल्या. बांगड्यांच्या काचा. वीस पैशांचं नाणं. तान्ह्या लेकराच्या मनगटातला काळा मणी. येरमाळ्याच्या यात्रेत वेचतात तसला चुनखडीचा खडा. आणि मागच्या सीटच्या तळाशी, खताच्या प्लास्टिक पिशवीत दोरीनं बांधलेली अण्णांची भाडेवही.

पिशवीत पाणी शिरलं होतं. शाईनं लिहिलेली पानं निळी होऊन गेली होती. पण अण्णा गाडीत शिसपेन वापरत, आणि शिसपेनचं पाण्यात काही बिघडत नाही. आम्ही पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली. बत्तीस पानं वाचता आली. नाव, गाव, कुठं, किती. ‘अंबाजोगाई, बाळंतपण, रात्री २’. पुढं रक्कम, किंवा ‘राहिले’. काही ठिकाणी ‘राहिले’ खोडून ‘सोडले’. काही ठिकाणी नुसती एक आडवी रेघ.

कळंब तालुक्यात किती गाड्यांची नोंद झाली, हे सरकारी दप्तरात सापडेल. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येण्याआधी रात्री दोनला कोण कुणाच्या भरवशावर दवाखान्यात पोचलं, हे कुठल्या दप्तरात नाही. ते असल्या वह्यांत आहे आणि वह्या शेडमध्ये, माळ्यावर, सीटखाली आहेत. पूर आला की कापड आणि कागद आधी जातात, लोखंड शेवटी. भंगारवाल्याच्या काट्यावर मात्र वजन फक्त लोखंडाचं होतं.

काम होईपर्यंत नियम बदलला होता. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झालं. भाऊ मुकाट्यानं माझ्याकडं बघत होता. मग त्यानंच दोन हजार काढून दिले. २०२३ च्या चैत्रात गाडी येरमाळ्याला गेली. अजूनही सकाळी गार इंजिनाला हीटर दोनदा द्यावा लागतो. अजूनही मृगाच्या पहिल्या पावसात आत गाळाचा वास येतो. तळाचा पत्रा दर दिवाळीला उचलून बघायचा, असं मिस्त्रीनं बजावलं आहे आणि आम्ही बघतो.

त्या उन्हाळ्यात मी बत्तीस पानं नव्या वहीत उतरवायला बसलो. अण्णा बाजेवर पडून सांगत, मी लिहून घेई. हे अमक्याची लेक, जुळं झालं होतं. हा माणूस केजच्या अलीकडंच गेला, तसाच परत आणला, पैसे कसे मागणार. सास्तूरच्या चार दिवसांच्या पानावर फक्त तारीख होती. त्याबद्दल मी विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच काही सांगितलं. ते मी लिहून ठेवलं आहे.

आडव्या रेघांवर आलो. त्या पाच होत्या. “ह्या कशाच्या?”

“ज्यांची त्यांना ठावं,” अण्णा म्हणाले. “औषध पिलेल्या पोरी होत्या काही, काही घरातनं न सांगता आलेल्या. त्यांची लेकरं आता मोठी झाली. ते लिहू नकोस.”

नव्या वहीत त्या पाच जागी मी रेघाच ओढल्या.