रविवारची सुट्टी, सोमवारचा दम

दवाखान्यात डॉक्टर तुमचे वय, शुगर, बीपी विचारतात आणि मध्येच एक साधा प्रश्न विचारतात, "काम काय करता?" आपल्या शहरात त्याचे ठरलेले उत्तर मिळते, "कंपनीत आहे." पण वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत तुम्ही प्रेसवर आहात, वेल्डिंगला आहात, पेंट शॉपमध्ये आहात की पॅकिंगला, यावरून तुमच्या खोकल्याचे, बहिरेपणाचे किंवा अंगावरच्या चट्ट्यांचे कारण सापडू शकते.

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत त्याच्या धंद्याचा प्रश्नही हवा, असे त्याने सांगितले. आपल्याकडे मात्र या विषयाची सुरुवात दवाखान्यात झाली नाही. ती गिरणीत झाली.

मुंबईची गिरणी

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरण्यांत आली. दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद, अशी रीत होती. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम करायला मात्र मुभा राहिली! मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या डॉक्टरच्या नजरेने वाचून पाहा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर. शिवाय काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय. शरीराला सावरायला वेळ हवा आणि अपघाताचा खर्च कामगाराच्या घरावर पडू नये, या दोन गोष्टींवर आजही व्यवसायजन्य आरोग्याचे शास्त्र उभे आहे.

रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. भरपाईच्या मागणीला मात्र १९२३ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. ते पाहायला लोखंडे नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये, मुंबईच्या प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले.

आणि आपले औरंगाबाद?

आपल्या शहरातही १८८९ मध्ये सूत कातण्याची आणि विणण्याची गिरणी उभी राहिली. तिथे सुमारे सातशे लोक काम करत. पण शहर निजामाच्या राज्यात होते आणि ब्रिटिश मुलखातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. कापसाची धूळ मात्र सरहद्द पाहत नाही. ती मुंबईच्या गिरणीत जशी छातीत जाते, तशीच इथेही.

या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कच्च्या कापसाच्या धुळीत जंतूंपासून आलेली विषद्रव्ये असतात आणि त्यांनी श्वासनलिकांना सूज येते. याची खूण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि आठवडा सरेल तसा त्रास कमी होतो. म्हणजे रविवारी सुट्टी असेल, तर सोमवारी दम. सुट्टी नसती, तर ही खूण इतकी स्पष्ट दिसली नसती. वर्षानुवर्षे धूळ छातीत जात राहिली, तर मग रोजच दम लागतो आणि फुप्फुसाचे नुकसान भरून येत नाही.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणताही खोकला, दमा, डोकेदुखी किंवा खाज सुट्टीत कमी होत असेल आणि कामावर गेल्यावर वाढत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कायदा काय सांगतो

आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांना संरक्षक आवरण, हवा खेळती ठेवणे आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग बंधनकारक केले. काही व्यवसायजन्य आजारांची यादीही त्यात दिली. सिलिकोसिस, शिसे-विषबाधा, बिसिनोसिस ही त्यातली नावे. असा रुग्ण आढळला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवावे, अशी तरतूद होती. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कामातील धोक्यांची माहिती मिळण्याचा हक्क कामगाराला दिला. आता या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

तरीही कागदावरचा कायदा आणि शेडमधले वास्तव यांत अंतर राहते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगारांचा मृत्यू झाला. लोखंड्यांच्या निवेदनाला तेव्हा जवळजवळ एकशे चाळीस वर्षे झाली होती.

तुम्ही काय करावे

- हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. इअरप्लग वापरा. आवाजाने गेलेले ऐकू येणे औषधाने परत येत नाही.
- प्रेसचा सेन्सर किंवा दोन हातांचे बटण टार्गेटसाठी बंद करू नका. कुणी सांगितले तरी नाही.
- बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. रुग्णासोबत ते लगेच रुग्णालयात न्या.
- तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. कामाला योग्य असा मास्क मागा.
- शेडमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता आजच पाहून ठेवा. त्यापुढे माल रचलेला असेल तर सुपरवायझरला सांगा.
- दवाखान्यात जाताना ज्या रसायनाशी काम करता, त्याच्या डब्यावरील लेबलचा फोटो घेऊन जा.

आणि डॉक्टरांनी "काम काय करता?" असे विचारले नाही, तर तुम्ही स्वतः सांगा. नुसते "कंपनीत" एवढेच नको. कोणत्या यंत्रावर, किती वर्षे आणि कोणत्या धुळीत, धुरात किंवा आवाजात काम करता, तेही सांगा.