दोष डिस्कचा की वाटेचा? : संगणकीय निदानाच्या इतिहासातील एक प्रकरण

जुन्या संगणकात अडकलेला मजकूर सोडवावयाचा असता अभ्यासकापुढे प्रथम हा प्रश्न उभा राहतो की, दोष खुद्द डिस्कचा आहे की तिच्या शेजाऱ्यांचा? ह्याचे मूळ यंत्ररचनेच्या इतिहासात आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५९ए ही चिप होती. प्रोसेसरला हातचे काम थांबवावयास लावणारे संकेत, म्हणजेच इंटरप्ट, आणणाऱ्या तिच्या वाटा केवळ ८ होत्या. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी चिप पहिलीच्या २ क्रमांकाच्या वाटेस जोडल्याने त्या १५ झाल्या. त्यांतील कित्येक घड्याळ, कळफलक, फ्लॉपी व हार्ड डिस्क यांनी आधीच व्यापलेल्या होत्या. शिवाय आयएसए बसवर संकेत ओळखला जाई तो विद्युत्दाब चढण्याच्या क्षणावरून. यास्तव एकाच वाटेवर दोन कार्डे आली, तर एकाचा संकेत हरवण्याचा संभव असे. पहिल्या व तिसऱ्या सीरियल पोर्टांस प्रघाताने ४ क्रमांकाचीच वाट होती. म्हणून मोडेम सुरू होताच माउस थिजे. डिस्कच्या १४ क्रमांकाच्या वाटेवर दुसरे कार्ड आल्यास निरोगी डिस्कही वेळेवर उत्तर देत नसे आणि मृत भासे.

भाषाविज्ञानात स्वनिमभेद ठरविताना एकच ध्वनी बदलून पाहतात. येथेही रीत तीच. अनावश्यक कार्डे काढून डिस्क वाचावी, मग एकेक कार्ड परत बसवावे. कार्डांगणिक दोष बदलला तर तो वाटेचा. कार्डे बदलूनही त्याच सेक्टरांवर वाचन अडले तर डिस्कचा संशय बळावतो. मात्र जुन्या डिस्कांच्या वेष्टनावर कारखान्यातच आढळलेल्या सदोष जागांची यादी छापलेली असे. तेव्हा सदोष जागा असणे हे नव्हे, तर त्या वाढत जाणे हे ऱ्हासाचे लक्षण होय.

१९९२ च्या पीसीआय बसने वाट वाटून घेण्याची सोय केली. १९९५ च्या विंडोज ९५ पासून वाटा नेमण्याचे कामही बव्हंशी यंत्राकडे गेले. त्यामुळे ही निदानविद्या विस्मृतीत जात आहे. आपल्या दृष्टीने ही हानी लहान नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड अशाच संगणकांच्या खाचेत बसे आणि १९९१ च्या इस्की मानकातील मराठी मजकूर अशाच डिस्कांवर साठविला जाई. वाटेच्या भांडणापायी डिस्क भंगारात गेली, तर संहिता अकारण नष्ट होते. उलट, डिस्कमधून खटखट ऐकू येत असता कार्डांचे प्रयोग चालू ठेवणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य खर्ची घालणे होय. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करून डिस्क तज्ज्ञाच्या हाती द्यावी; आणि जी अद्याप वाचता येते, तिची प्रत आधी करावी, दुरुस्ती मागाहून.